पोट आत घेऊन दिलेलं माप

शिंप्याने कमरेला टेप लावली की माझं पोट आपोआप आत जातं. शिवून आलेल्या पँटचा हुक मग पुढचे सहा महिने जीव मुठीत धरून जगतो. मोबाइलच्या बाबतीत माझं नेमकं तेच झालं.

२०१८ साली गूगल आणि ॲपल, दोघांनाही काही आठवड्यांच्या अंतराने आपल्या डोळ्यांची दया आली आणि फोन किती वेळ पाहिला हे फोनच सांगायला लागला. टायमर आले, झोपेच्या वेळी पडदा करडा करायची सोय आली. टायमरचं म्हणाल तर ‘वेळ संपली’ अशी पाटी झळकते आणि तिच्याखालीच आणखी वेळ मागायची सोय असते. माझा अंगठा ती पाटी वाचण्याआधीच मुदतवाढ मंजूर करतो. करड्या पडद्याने मात्र चार दिवस तग धरला. पाचव्या रात्री पोह्यांचं रील लागलं आणि बाईंनी हळद घातली की नाही हे काही केल्या कळेना. खात्री करायला रंग चालू केले. हळद होती. रंग तसेच राहिले.

मग एका मित्राने ॲप सुचवलं. हे म्हणे आधी स्वभाव ओळखतं, मग औषध देतं. मानसशास्त्रातले ते पाच प्रसिद्ध गुण: नव्याची हौस, काटेकोरपणा, माणसांत रमणं, मनमिळाऊपणा आणि चटकन अस्वस्थ होणं. यांवर चाळीस प्रश्न. कल्पना मला पटली. आमच्या आईला ‘पुरे आता’ एवढं म्हटलं तरी ती दोन दिवस फोनला हात लावत नाही. माझ्या भाच्याला तेच म्हटलं तर तो फोन घेऊन बाथरूममध्ये जातो. दोघांना एकच औषध कसं चालेल?

‘मी हाती घेतलेलं काम पूर्ण करतो.’ पूर्णपणे सहमत, असं मी ठोकून दिलं. गॅलरीत गणपतीपासून अर्धं रंगवलेलं स्टूल पडलंय, पण ते ॲपला कुठे दिसतंय?

निकाल आला: अत्यंत काटेकोर. अशा माणसाला म्हणे कुलूप लावायचं नसतं, फक्त आकडे दाखवायचे. मला रंगीत आलेख मिळू लागले. ते मी रोज अर्धा तास कौतुकाने बघत असे.

“दे इकडे,” म्हणत बायकोने फोन घेतला आणि माझे चाळीसही प्रश्न मला न विचारता चार मिनिटांत सोडवले. ‘चटकन अस्वस्थ होतो’ला “बॅटरी दहा टक्क्यांवर आली की” असा तोंडी शेराही मारला. नवा निकाल: तुमच्या मुदतवाढीची परवानगी घरातली व्यक्ती देईल.

पहिल्याच दिवशी मी अकरा अर्ज केले. काटेकोर खरी ती. एकही अर्ज तिने पडून राहू दिला नाही. प्रत्येक वेळी फोन उघडायचा, कारण विचारायचं, नामंजूर करायचं. आणि फोन हातात आहेच तर सोसायटीचा ग्रुप, मग मावशीची स्टेटस, मग साड्या. रविवारी आकडे आले. माझा वेळ दीड तासाने घटला होता. तिचा दोन तासांनी वाढला होता.

तिने काही न बोलता ॲप स्वतःच्या फोनवर घेतलं आणि प्रश्नावली माझ्या हातात दिली. “आता तू भर माझी. खरं खरं.”

पहिलाच प्रश्न होता: ‘ही व्यक्ती लवकर चिडते का?’

ती माझ्या खुर्चीमागे उभी होती. मी पोट आत घेतलं.