‘बाई ती बाईच’ म्हणे!

वहिनीने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि अमेरिकेत शिकणाऱ्या भाचीला मुद्दाम टॅग केलं, म्हणून हे लिहिणं आलं. फॉरवर्डचं म्हणणं असं: बाई ती बाईच, सगळ्यांचं दुःख एकच, अमेरिकी विद्यापीठांनी वंश, रंग, जात असली खुसपटं काढून बायकांची एकजूट मोडली, नाहीतर मताधिकारासाठी सगळ्या खांद्याला खांदा लावून लढल्याच होत्या, आणि आपल्याकडे तर असलं काही नव्हतंच.

दुःख एकच? मग मोटारी बनवणाऱ्या जनरल मोटर्स कंपनीवरचा, अमेरिकेतल्या सेंट लुईसमधला खटला वाचा. १९६४पूर्वी कंपनी कृष्णवर्णीय बायकांना घेतच नव्हती. पुढे मंदी आली, ‘शेवटी आला तो आधी घरी’ या नियमाने कपात झाली आणि १९७०नंतर लागलेल्या या सगळ्या बायका घरी बसल्या. एमा डीग्राफनरीड आणि आणखी चौघी कोर्टात गेल्या. १९७६ साली कोर्ट काय म्हणालं? कंपनी बायकांना घेत होतीच, तेव्हा स्त्री म्हणून भेदभाव नाही. (घेत होती त्या गोऱ्या, हे सोडून द्यायचं!) वंशाची तक्रार असेल तर कंपनीवर त्याबद्दल दुसरा दावा चालू आहे, त्यात सामील व्हा. पण काळी आणि बाई, दोन्ही मिळून एक तक्रार? ती चालणार नाही. कृष्णवर्णीय कायदेतज्ज्ञ किंबर्ली क्रेनशॉ यांनी याच निकालाची चिरफाड करत ‘इंटरसेक्शनॅलिटी’, म्हणजे वंश आणि लिंग यांसारखे भेदभाव एकमेकांत गुंतून वेगळाच अन्याय घडवतात हा सिद्धांत, मांडला तो १९८९ साली. आधी नोकऱ्या गेल्या, सिद्धांत मागाहून आला. विद्यापीठाने कुठली एकजूट मोडली?

मताधिकाराचं थोडक्यात. १९१३च्या वॉशिंग्टनमधल्या बायकांच्या मताधिकार मोर्चात कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांना ‘मागे, कृष्णवर्णीयांच्या तुकडीत चाला’ असं सांगितलं गेलं. त्या ऐकणाऱ्या नव्हत्या. वाटेत गर्दीतून येऊन आपल्या इलिनॉय राज्याच्या तुकडीतच शिरल्या.

आणि ‘आपल्याकडे नव्हतं’? १८५५ साली फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली मुक्ता ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात लिहिते की मांग-महारांच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं. तिने कुठल्या अमेरिकी विद्यापीठात प्रवेश घेतला होता?

एक मात्र नाइलाजाने कबूल. गोऱ्या नाहीत म्हणून सगळ्या आपोआप एक होतात, असं नाही. २०२३ साली अमेरिकेतल्या सिएटल शहरात जातिभेदावर बंदी आली. ठराव आणणाऱ्या तेव्हाच्या नगरसेविका क्षमा सावंत यांचा जन्म पुण्यातला. भारतीय वंशाची माणसं समर्थनातही होती आणि विरोधातही. विरोध करणाऱ्यांचा युक्तिवादही ओळखीचाच होता: जातीचं नाव काढाल तर समाजात फूट पडेल.