तंजावरचे पाणी आणि भोसल्यांचा शिलालेख

जून संपत आला होता आणि मेट्टूर धरणातून सोडलेले कावेरीचे पाणी नुकतेच पुदारूत उतरले होते. पुदारू म्हणजे नवी नदी. कागदोपत्री तो कावेरीवरच्या कल्लणै या जुन्या बंधाऱ्यापासून निघणारा कालवा आहे, परंतु तंजावरात त्याला कालवा असे कोणी म्हणत नाही. मोठ्या देवळाजवळून हे पाणी जाते आणि त्याच्या काठावरच्या दगडी कठड्यावर आम्ही पाच जण संध्याकाळी कॉफीचे पेले हातात घेऊन बसलो होतो. गढूळ तांबूस पाण्यावरून झेंडूच्या पाकळ्या वाहत येत होत्या. वर कुठेतरी नव्या पाण्याची पूजा झाली असावी.

वादाला तोंड मास्तरांनी फोडले. साताऱ्याच्या शाळेत इतिहास शिकवून ते निवृत्त झाले आहेत. त्याच सकाळी त्यांनी त्या मोठ्या देवळाच्या, म्हणजे बृहदीश्वराच्या, प्राकाराच्या भिंतीवर तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी 1803 मध्ये कोरवून घेतलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख पाहिला होता. इतक्या दूर, चोळांच्या देवळात, ओळीमागून ओळ आपली भाषा दिसल्यावर त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांची तक्रार अशी की, 1676 च्या सुमारास व्यंकोजींनी हे राज्य घेतले, 1855 पर्यंत म्हणजे जवळपास 180 वर्षे येथे भोसल्यांची गादी होती, व्यंकोजींचे पुत्र शहाजी राजे यांनी येथे मराठी नाटके लिहिली तेव्हा सांगलीला पहिला प्रयोग व्हायला दीडशे वर्षे अवकाश होता, आणि तरीही बाहेरच्या माणसाला तंजावर म्हटले की राजराज चोळाखेरीज कोणी आठवत नाही.

"मास्तर, तुम्ही फक्त आपली माणसे शोधत आलात, म्हणून तुम्हांला तसे वाटते," इंजिनियर म्हणाला. सांगलीकडच्या पाटबंधाऱ्यांवर त्याचा जन्म गेला आहे. "राजे कोणीही असोत, हे गाव पाण्याने वसवले आहे. नकाशा पाहा. उत्तरेला कावेरी, वेण्णारू, वडवारू यांचा सुपीक गाळ आणि दक्षिणेला वल्लमकडचा तांबड्या मातीचा उंच माळ. तंजावर या दोहोंच्या शिवेवर बसले आहे. पायाला कोरडी जमीन आणि हाताच्या अंतरावर भात, अशी जागा राजधानीला सोडून कोण देईल?"

त्याचे म्हणणे आम्हांला पटत होते, पण तो एवढ्यावर थांबला नाही. कल्लणैचा बंधारा करिकाल चोळाच्या नावाने ओळखला जातो. नदी अडवून साठवणे हा त्याचा हेतू नव्हताच. कोळ्ळिडम हा कावेरीचा फाटा खोल आणि उताराचा असल्याने सगळे पाणी तिकडे ओढले जाऊ नये, ते शेताकडच्या फाट्यांत राहावे, एवढ्यासाठी तो दगडी बांध घातला गेला. इंग्रज अमदानीत आर्थर कॉटनने वरच्या अंगाला, मुक्कोंबूपाशी, 1836 मध्ये दुसरा बंधारा बांधला. 1934 मध्ये मेट्टूर धरण पुरे झाले आणि त्याच योजनेत ही पुदारू खोदली गेली, तेव्हा कुठे जुन्या फाट्यांना न पोहोचणारा ओरत्तनाड, पट्टुकोट्टैचा माळ भिजू लागला. "ज्याने त्या माळावर भात पिकवले, त्याचे नाव कोणत्या शिलालेखात आहे?" असे त्याने विचारले आणि पेला कठड्यावर ठेवला.

रायर इतका वेळ गप्प होते. त्यांचे घराणे सात-आठ पिढ्यांपूर्वी इकडे आले. घरात मराठीच बोलतात, पण ती मराठी तमिळच्या लयीवर चालते आणि तिच्यातले काही शब्द आम्हांला जुन्या बखरीतच भेटतात. ते म्हणाले, "दोघेही थोडे थोडे चुकता. मास्तरांना राज्य हवे आहे आणि यांना फक्त नदी. मधे गाव राहिले. सरफोजी महाराजांकडे शेवटी काय उरले होते, ते बघा ना."

येथे वाद खरा पेटला, कारण मास्तरांच्या मनात 1799 चा करार सलतो. त्या करारान्वये सरफोजींनी राज्याचा कारभार कंपनीच्या हवाली केला आणि वर्षाला एक लाख पागोडे (सोन्याची नाणी) व वसुलाचा पाचवा हिस्सा यांवर समाधान मानले. हुकूम चालायचा तो किल्ला आणि त्याच्या आसपासच्या जागेपुरता. मास्तरांच्या मते ही शरणागती होती, आणि 1855 मध्ये सरफोजींचे पुत्र दुसरे शिवाजी पुत्राविना वारल्यावर कंपनीने जे गिळंकृत केले, राणी कामाक्षीबाईंना लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन 1859 मध्ये जो नकार ऐकावा लागला, त्याचे बीज येथेच पडले. मास्तरांचे हे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

परंतु रायरांचे उत्तरही मला तोलाचे वाटते. ते म्हणाले की, ज्याच्या हाती फक्त एक गाव उरले, त्याने त्या गावासाठी काय केले, हे मोजावे. वारशाने मिळालेले पोथीघर त्यांनी देशोदेशीचे ग्रंथ आणवून सरस्वती महालाच्या रूपाला आणले. धन्वंतरी महालात औषधे पारखली आणि डोळ्यांच्या रोग्यांची टिपणे चित्रांसह ठेवली. राजवाड्यात देवनागरी छापखाना घातला. रामेश्वरच्या वाटेवरची छत्रे, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळा, आपल्याकडेच राहावीत म्हणून त्यांनी 1801 मध्ये कंपनीला जे पत्र लिहिले, त्यात प्रवाशांच्या जेवणाबरोबर छत्रातले वैद्य, आजाऱ्यांची शुश्रूषा आणि तिथे शिकणारी मुले यांचाही हिशेब मांडला. "राज्य गेल्याचे दुःख त्यांना नसेल असे मी म्हणत नाही. पण हे काम राज्य करणाऱ्याचे नाही, गाव सांभाळणाऱ्याचे आहे, आणि आमच्या पूर्वजांबद्दल मला अभिमान वाटतो तो याचा."

अक्का, म्हणजे रायरांची थोरली बहीण, इथल्याच शाळेत भूगोल शिकवत असत. त्यांनी 'देवेंद्र कुरवंजी'ची आठवण काढली. कुरवंजी हा तमिळ मुलखातला खेळ. त्यात भविष्य सांगणारी कुरत्ती येते आणि नायिकेचा हात पाहते. सरफोजींच्या मराठी कुरवंजीत मात्र ही कुरत्ती जगाचा भूगोल सांगते, खंड आणि देश यांची नावे घेते. तमिळ साचा, मराठी शब्द आणि युरोपातून आलेली विद्या हे सारे एकाच रचनेत सुखाने नांदते आहे, ही गोष्ट सांगताना अक्कांचा आवाज वर्गात शिकवताना चढत असेल तसा चढला. मला वाटते, मास्तर ज्या तंजावरच्या शोधात आले होते, ते भिंतीवरच्या वंशावळीपेक्षा या कुरत्तीच्या तोंडी जास्त आहे.

अक्कांनी पुढे विषय पुन्हा पाण्यावर आणला, पण शेताच्या नव्हे, पिण्याच्या. नदी जवळ असूनही किल्ल्यातले लोक पावसाचे पाणी पीत. मराठ्यांच्या आधी इथे नायक राजे होते, त्यांतल्या सेवप्पा नायकाच्या गावाबाहेरच्या तळ्यात माळावरचा पाऊस साठे, तिथून ते पाणी शिवगंगा तळ्यात येई आणि पुढे जमिनीखालच्या नळांनी वस्तीतल्या अय्यनकुळमसारख्या तळ्यांत पोहोचे. या व्यवस्थेला इथे जलसूत्र म्हणतात आणि तिचा उल्लेख मोडी कागदांतही सापडतो. तळे नायकांचे, देऊळ चोळांचे, नोंद मराठ्यांची, नगरपालिका 1866 पासूनची. अक्कांचे म्हणणे असे की, मधल्या कोणी एकाने आपले काम टाकले असते तर खालच्या तळ्याला पाणी मिळाले नसते. नंतरच्या काळात ते टाकलेच गेले होते. घरे उभी राहिली, वाटा बुजल्या, अय्यनकुळममध्ये कचरा साठला. स्मार्ट सिटीच्या कामात ते तळे साफ झाले आणि जुन्या नळांतून शिवगंगेचे पाणी पुन्हा त्यात आले. त्या दिवशी आपण पायऱ्यांवर जाऊन तळव्यावर पाणी घेतले आणि नातवाला दाखवले, असे अक्कांनी सांगितले. किल्ल्याच्या खंदकाचे आणि इतर तळ्यांचे असे कधी होणार, याची चिंता त्यांनी लपवली नाही.

इंजिनियरने लगेच नळांचा उतार किती, गाळ कुठे धरतात, असे प्रश्न सुरू केले. मास्तर मात्र दुसऱ्याच गोष्टीवर अडले होते. हे मोडी कागद वाचतो कोण, असे त्यांनी विचारले. रायरांनी सांगितले की, इथल्या तमिळ विद्यापीठाने त्यांतल्या बऱ्याच कागदांचे तमिळ भाषांतर करून खंड छापले आहेत. मास्तर थोडा वेळ काही बोलले नाहीत. तमिळ माणसांनी आपल्या मोडीवर इतके श्रम घेतले आणि आम्ही शिलालेखासमोर फोटो काढून परत जातो, हे त्यांना लागले, असे त्यांनीच मोकळेपणाने कबूल केले. सरस्वती महालातल्या मराठी हस्तलिखितांसाठी महाराष्ट्रातून मोडी शिकलेली दहा मुले दरवर्षी महिनाभर जरी इथे येऊन राहिली, तरी केवढे काम होईल, हे त्यांचे वाक्य मी इथे मुद्दाम नोंदवतो, कारण ते अवघड नाही आणि ते करण्यासारखे आहे.

अंधार पडल्यावर देवळाच्या विमानावर, म्हणजे शिखरावर, दिवे लागले. 1799 बद्दल मास्तरांनी शेवटपर्यंत माघार घेतली नाही आणि रायरांनीही घेतली नाही. दुसऱ्या दिवशी आम्हांला पट्टुकोट्टैच्या रस्त्याने जायचे होते. ओरत्तनाडला सरफोजींनी आपल्या प्रियेच्या, मुक्तांबेच्या, नावाने बांधलेले छत्र आहे, तिथे तासभर थांबायचे असे मास्तरांनी ठरवले. त्यांना छत्र पाहायचे होते, आणि त्याच गावाच्या शिवारात पुदारूचे पाणी कुठवर पोहोचले आहे, ते इंजिनियरला.