८:१२ चा काळ

बढती हवी असेल तर इंग्रजीची परीक्षा द्या, असा कागद ऑफिसात फिरला आणि माझं वय ५० वरून थेट १० वर आलं. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत भेटायची. मराठी शाळांत ती पहिलीपासून यायला लागली २००० साली, तेव्हा मी नोकरीला लागून चहाच्या कॅन्टीनमध्ये उधारीही सुरू केली होती. उशिरा ओळख झालेल्या पाहुणीशी वागावं तसा मी तिच्याशी वागत आलो. हसायचं, मान हलवायची, विषय बदलायचा.

शिकवायला लेक बसली. ती नववीत, इंग्रजी माध्यमात. जेवणं झाली की भांडी मी घासायची आणि मला तिने.

"बाबा, ठरलेल्या वेळापत्रकाला साधा वर्तमानकाळ. द ट्रेन लीव्ह्ज ॲट एट ट्वेल्व्ह."

"आपली ८:१२?"

"कुठलीही."

"आपली ८:१९ ला सुटते गं."

"व्याकरणात ८:१२ लाच सुटते."

२५ वर्षं जी गाडी मी फलाटावर शोधत होतो, ती कुठे असते ते त्या रात्री कळलं.

पुढे शब्दयोगी अव्ययं. बसला 'ऑन', ट्रेनला 'ऑन', टॅक्सीला मात्र 'इन'. का? तर ज्या वाहनात उभं राहता येतं, चालता-फिरता येतं, तिथे 'ऑन'. आणि जिथे वाकून शिरायचं नि अंग चोरून बसायचं, तिथे 'इन'. मी तिच्याकडे बघतच राहिलो. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये चालायचं? खिशातला मोबाइल वाजला तर हात तिथवर न्यायला मला तीन जणांची परवानगी लागते, आणि एकदा तर मी दुसऱ्याच्याच खिशातून फोन उचलला होता. माझ्या मते दारात लटकलेले तेवढे 'ऑन', मधे चेंगरलेले 'इन', आणि तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर टेकलेला माणूस अर्धा 'ऑन', अर्धा अधांतरी. लेक म्हणाली, "असं पेपरात लिहू नकोस."

फर्निचर मोजता येत नाही, हा पुढचा नियम. आमच्या खोलीतलं येतं: एक कपाट, एक दिवाण, संपलं. 'ॲडव्हाइस' मोजता येत नाही, हे मात्र पटलं. आमच्या सोसायटीत राहून इंग्रजांनी तो नियम केला असणार.

नात्यांच्या शब्दांत मी अडकलोच. मेहुणा, साडू, दीर, सगळे 'ब्रदर-इन-लॉ'! मेहुणा म्हणजे ज्याच्यासमोर जपून बोलायचं, साडू म्हणजे ज्याच्यासमोर सासुरवाडीबद्दल मोकळेपणाने बोलायचं. दोघांना एकच शब्द दिला तर माणूस नको तिथे तोंड उघडून बसेल.

एकच गोष्ट मी लेकीला शिकवली. ती 'अ' आणि 'ॲन'चा नियम समजावत होती. स्पेलिंग बघू नकोस, उच्चार बघ, वगैरे. मी म्हटलं, शब्द देवनागरीत लिही. अवर, अंब्रेला, एम.ए. स्वराने सुरुवात झाली की 'ॲन'. युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन-वे. व्यंजन आलं की 'अ'. मग ते स्पेलिंग यूपासून असो नाहीतर एचपासून. तिने दहा-बारा शब्द लिहून बघितले, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता वही मिटली. त्या रात्रीची भांडीही तिनेच घासली.

परीक्षेत प्रश्न आला: साध्या वर्तमानकाळातलं एक वाक्य लिहा. मी डोळे मिटून लिहिलं, द एट ट्वेल्व्ह लीव्ह्ज ॲट एट ट्वेल्व्ह. पूर्ण गुण मिळाले. पेपर लिहायला मात्र सात मिनिटं कमी पडली; मी पोचलोच होतो सात मिनिटं उशिरा.