चाळकेवाडीची थांबलेली पाती

दिवाळीच्या सुट्टीत दादा-वहिनी साताऱ्याकडे गेले होते. चाळकेवाडीच्या पठारावरून दादाने मला इकडे डेन्मार्कला व्हिडिओ पाठवला. ओळीने उभ्या पवनचक्क्या, एकही पातं हलत नाही. खाली लिहिलेलं, "बघ तुझी डेन्मार्कची वीज. मुलुंडला आम्ही घामाघूम, आणि या झोपलेल्या." सोसायटीच्या ग्रुपवर त्यावरून दोन दिवस वाद चालला. निम्मे म्हणाले, कोळशाला पर्याय नाही. निम्मे म्हणाले, तिकडे जमतं मग इथे का नाही?

मला दोन्ही म्हणणी अर्धवट वाटतात.

डेन्मार्कच्या विजेत निम्म्याहून अधिक वाटा वाऱ्याचा, हे खरं. पण वारा इथेही पडतो. १२ डिसेंबर २०२४ ची संध्याकाळ मला आठवते. समोरच्या बागेतल्या उंच काठीवरची लांब पताका एरवी दिवसभर फडफडते, ती ओल्या धोतरासारखी लोंबत होती. शेजारच्या जर्मनीत त्या संध्याकाळी एका तासापुरता घाऊक भाव मेगावॅट-तासाला ९३६ युरोवर गेला, म्हणजे युनिटला ऐंशी रुपयांच्या वर. बायकोने भांड्यांचं मशीन भरून ठेवलं आणि मोबाइलवर तासातासाचे भाव बघून मध्यरात्रीनंतर लावलं.

वाऱ्याचं गणितच तसं आहे. वेग निम्मा झाला की वीज आठव्या हिश्शावर येते. पवनचक्क्या दूरदूर पसरल्या की तासातासाचे चढउतार एकमेकांत जिरतात, पण शांत हवेचा एकच पट्टा अर्ध्या युरोपावर बसला की शेजाऱ्याकडेही द्यायला वारा नसतो. मग डेन्मार्क नॉर्वेच्या धरणांकडे बघतो. समुद्राखालच्या केबलींतून १,७०० मेगावॅटपर्यंत वीज येऊ शकते. त्यापायी आपली वीज महागते म्हणून नॉर्वेतले लोक चिडलेत आणि जुन्या दोन केबली पुन्हा टाकायच्या का, यावर तिथे राजकारण पेटलंय. सुट्टीला घरी आलेले आम्ही लोक ही बाजू सांगत नाही, आणि ती सांगायला हवी.

आपल्याकडे गुजरातपासून तमिळनाडूपर्यंत मुख्य वारा एकाच मान्सूनचा. जून ते सप्टेंबर भरपूर, आणि ऑक्टोबरात उकाडा परततो नेमका तेव्हाच ओसरलेला. बॅटरी एखादी संध्याकाळ निभावून नेईल, महिना नाही. इथवर दादाचं बरोबर आहे.

पण आपला नॉर्वे सह्याद्रीत आहे! कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट, आणि विजेसाठी पश्चिमेला वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा. म्हणजे कोयनेचं पाणी मोजून मिळतं. जुलैत चाळकेवाडीचा वारा जेवढी वीज देईल, तेवढं हे मोजकं पाणी ऑक्टोबरच्या संध्याकाळींसाठी, एप्रिल-मेसाठी राखता येईल. घाटघरला तर २५० मेगावॅटचं केंद्र खालचं पाणी वर चढवून गरजेला पुन्हा सोडतं. मला खंत याची वाटते, की आपण पवनचक्क्या हव्यात की नकोत यावर भांडतो, त्यांच्या जोडीला पाणी कसं राखायचं याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

मुंबईला तर तारांचाही विचार करावा लागेल. १२ ऑक्टोबर २०२० ला शहराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. दोष वाऱ्याचा नव्हता, कळव्याच्या बाजूने येणाऱ्या वाहिन्या बंद पडल्या होत्या. साताऱ्याची, धुळ्याची वीजही तारांवरूनच शहरात यायची आहे.

दादाला म्हटलं, पुढच्या जुलैत चाळकेवाडीला जा. धुक्यात पाती दिसली नाहीत तरी आवाज ऐकू येईल. मग तसाच पाटणला उतर आणि कोयना किती भरलीय ते मला कळव.