‘उधारीची वही’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’ नाटकात सीझरला मारणारे दोन साथीदार, ब्रूटस आणि कॅसिअस, पुढे आपसात भांडतात. त्या भांडणावर मी लिहिलं, त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली: ‘भांडण मानाचं आहे, पैसा निमित्तमात्र. तुम्ही दोन वीरांच्या संवादाची उधारीची वही केलीत. नाटक एकदा नीट वाचा.’

चूक आधी कबूल करतो. हे भांडण होतं तो ब्रूटसचा तंबू सार्डिस शहराजवळ आहे, मी फिलिपी लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

पण ‘नीट वाचा’? मतभेद असू द्या. समोरच्याला पहिल्याच वाक्यात अडाणी ठरवायचं, ही कुठली रीत?

आता ‘निमित्तमात्र’. सार्डिसच्या लोकांकडून लाच घेतली म्हणून ब्रूटस ल्यूशियस पेलाला दोषी ठरवतो, कॅसिअसने रदबदलीसाठी पाठवलेली पत्रं धुडकावतो, वर त्यालाच सोन्यासाठी पदं विकणारा म्हणतो. आणि त्याच दमात तक्रार काय? सैन्याच्या पगारासाठी तुझ्याकडे सोनं मागितलं, तू दिलं नाहीस! मला वाईट मार्गाने पैसा उभा करता येत नाही, शेतकऱ्याच्या राठ हातातून हिसकावण्यापेक्षा मी काळजाची नाणी पाडीन, असंही तोच म्हणतो. म्हणजे हात कॅसिअसने मळवायचे आणि त्यातला वाटा ब्रूटसने स्वच्छ हातांनी घ्यायचा. यातून मान आणि पैसा वेगळे काढून दाखवा. कॅसिअस खंजीर पुढे करून छाती उघडी करतो, ती याच जागी दुखावल्यामुळे.

इतिहासातल्या ब्रूटसबद्दलही सांगतो. सायप्रसमधल्या सालामिस शहराला त्याचा पैसा ४८ टक्के व्याजाने दिला होता. त्याच काळातला रोमन वक्ता सिसरो, त्याच्या पत्रांत हे आहे.

हे मी पुस्तकातूनच शिकलो असंही नाही. एका मित्राबरोबर मी ११ वर्षं छपाईचा धंदा केला. वसुलीला तो कधी आला नाही. ‘मला ते जमत नाही रे.’ लोकांचे उंबरे मी झिजवले, शिव्या मी खाल्ल्या. वर्षाखेरीस वाटा मात्र निम्मा, आणि चारचौघांत माझ्या ‘कडक’ स्वभावाबद्दल खंत. शेवटचं भांडण साडेसहा हजारांवरून झालं. त्या रात्री मला झोप लागली नाही, ती साडेसहा हजारांसाठी नव्हे. पण ते साडेसहा हजार नसते तर भांडणही झालं नसतं.

ब्रूटसची बायको पोर्शिया आणि माझी भाषा यांबद्दलच्या तुमच्या शेऱ्यांना उत्तर द्यावंसं वाटत नाही. पुन्हा लिहाल तर चौथ्या अंकातला तिसरा प्रवेश समोर ठेवून लिहा. मी वाचीन.