दिवाळसण आणि गोठणबिंदू

खोबरेल तेल साधारण 24 ते 25 अंश सेल्सिअसला गोठते आणि पुण्यातील दिवाळीची पहाट बहुधा विशीच्याही खाली उतरलेली असते. म्हणजे ज्या दिवशी सूर्योदयापूर्वी जावयाच्या डोक्यावर तेल घालण्याची सासुरवाडीत सक्ती असते, नेमक्या त्याच दिवशी बाटलीत पांढरा दगड तयार असतो. तिळाचे तेल अशा थंडीत पातळच राहते, परंतु आमच्या सासरी खोबरेलच चालत आले आहे.

माझ्या मते यात तेलाचा काहीही दोष नाही. त्यातील सुमारे 90 टक्के मेदाम्ले संपृक्त, त्यांतही जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल, ते गोठणारच. त्याला चिंचोळ्या गळ्याची आणि उष्णता आत शिरू देण्यास नाखूश असलेली प्लॅस्टिकची बाटली ज्याने दिली, त्याने पुण्याची थंडी पाहिलेली नसावी. तळहातावर हे तेल क्षणात वितळते. अडचण एवढीच, की वितळल्याखेरीज ते तळहातापर्यंत येत नाही.

मग बाटली कढत पाण्याच्या तांब्यात बसते आणि मी पाटावर. सासरे समाधानाने म्हणतात, "जावईबापू, गोठलंय म्हणजे अस्सल आहे. भेसळीचं गोठत नाही." (पामच्या बियांतील गराचे तेलही असेच गोठते, हे पहाटे पाच वाजता, उघड्या अंगाने सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.) इकडे पाणी निवत जाते, पण तेलाचे तापमान फारसे चढत नाही, कारण मिळालेली उष्णता वितळण्यातच खर्ची पडते; तिला सुप्त उष्मा म्हणतात, आणि तिची वाट पाहणाऱ्याला हुडहुडी भरते. अखेर कडेचे तेल सुटते. बर्फ पाण्यावर तरंगतो, खोबरेलाचा गोळा मात्र स्वतःच्याच द्रवाहून जड असल्याने तळ गाठतो. त्यामुळे सासूबाईंनी बाटली उपडी करताच तो सरळ गळ्याशी येऊन बुचासारखा बसला आणि पातळ तेल त्याच्यामागे अडकले. मेहुण्याने विणकामाची सुई आणली, तेव्हा कुठे माझ्या टाळूवर धार पडली.

भौतिक बदल उलटा फिरवता येतो, याचे प्रात्यक्षिक आंघोळीनंतर झाले. गरम पाण्याबरोबर वाहून गेलेले तेल मोरीच्या जाळीत निवून पुन्हा गोठले, वर उटण्याचा थर बसला आणि पाणी उंबऱ्यापर्यंत चढले.

"जावईबापू," सासूबाईंनी बाहेरून विचारले, "तांब्यात कढत पाणी उरलंय का हो?"