घोरणे थांबते, तेव्हा काय होते?

घोरणाऱ्यांना दिलासा देणारा एक संदेश मोबाइलवर फिरत असतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण आहे आणि त्याचा त्रास झालाच तर शेजारी झोपणाऱ्याला होतो. झोपेत श्वास अडण्याचा विकार फक्त लठ्ठ पुरुषांना होतो. त्यावरच्या यंत्राने फुफ्फुसे आळशी होतात, त्यापेक्षा तोंडाला चिकटपट्टी लावून झोपावे. हा संदेश वाचून कुणी तपासणी टाळली, तर त्यात त्याचे खरोखर नुकसान आहे, म्हणून प्रत्येक मुद्द्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

घोरणारा प्रत्येक माणूस आजारी नसतो, हे आधीच मान्य करतो. पण घोरणे म्हणजे झोपेत सैल पडलेल्या घशातून हवा अडखळत जाण्याचा आवाज. झोप किती गाढ आहे, हे त्यावरून कळत नाही. ज्याला हा विकार आहे त्याच्या उशाशी एखादी रात्र जागून पाहावे. आवाज चढत जातो आणि एकाएकी थांबतो. छाती आणि पोट हलत असतात, पण नाकातोंडातून हवा जात नाही. आपण मनात दहा, वीस, कधी तीस अंक मोजतो, आणि मग मोठा आचका देऊन तो श्वास घेतो, कूस बदलतो व पुन्हा घोरू लागतो. श्वास किमान 10 सेकंद बंद पडणे किंवा बराच मंदावणे, असे प्रसंग तासाला 5 ते 15 असतील तर विकार सौम्य, 15 ते 30 असतील तर मध्यम आणि त्याहून अधिक असतील तर तीव्र मानला जातो. तासाला 30 म्हणजे दर दोन मिनिटांनी मेंदू दचकून जागा होतो. ही जाग काही क्षणांचीच असल्याने सकाळी ती आठवत नाही, आणि ‘रात्रभर ढाराढूर झोपलो, तरी दिवसभर पेंग येते’ अशी तक्रार उरते. ही पेंग वाहन चालवताना आली तर जिवावर बेतते.

त्रास शेजाऱ्याला होतो हे खरे, पण घोरणाऱ्याच्या शरीराला तो कितीतरी अधिक होतो. श्वास बंद पडण्याच्या प्रत्येक प्रसंगी रक्तातील प्राणवायू घटतो, शरीर संकटाच्या पवित्र्यात जाते आणि रक्तदाब उसळतो. एरवी रात्री रक्तदाब उतरायला हवा; अशा रुग्णांमध्ये तो पुष्कळदा उतरत नाही, आणि तीन-तीन औषधे घेऊनही रक्तदाब आटोक्यात न येण्यामागे हा विकार वारंवार सापडतो. हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, पक्षाघात आणि मधुमेह यांच्याशीही त्याचा संबंध आढळला आहे. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागणे हे लक्षण तर बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसते. बंद घशाविरुद्ध छाती जोर लावते तेव्हा हृदयाचे कप्पे ताणले जातात, हृदय त्याचा अर्थ ‘पाणी जास्त झाले’ असा घेते आणि मूत्रपिंडाला क्षार व पाणी बाहेर टाकण्याचा निरोप देणारे संप्रेरक सोडते. माणूस मात्र प्रोस्टेटची किंवा साखरेची तपासणी करत फिरतो.

वजनाचा वाटा मोठा आहे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील दीर्घकालीन अभ्यासात वजन 10 टक्के वाढल्यावर श्वास अडण्याचे प्रमाण सुमारे 32 टक्क्यांनी वाढलेले दिसले. तरीही लहान किंवा मागे सरलेल्या जबड्यामुळे सडपातळ माणसांना आणि मोठ्या टॉन्सिलमुळे मुलांना हा विकार होतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्येही तो वाढतो. त्या निद्रानाश, थकवा किंवा सकाळची डोकेदुखी सांगतात, म्हणून निदान हुकते. 2019 मधील एका अंदाजानुसार जगात 30 ते 69 वयोगटातील सुमारे 93.6 कोटी लोकांचा श्वास झोपेत असा अडतो. ते सगळे लठ्ठ पुरुष नाहीत.

यंत्राविषयीचा आक्षेप त्याचे काम न समजल्यामुळे आलेला आहे. 1981 मध्ये ऑस्ट्रेलियातील कॉलिन सुलिव्हन यांनी मांडलेले सीपॅप हे यंत्र हवेच्या हलक्या दाबाने घसा उघडा ठेवते. श्वास रुग्ण स्वतःच घेतो. त्यामुळे फुफ्फुसे आळशी होण्याचा प्रश्नच येत नाही. यंत्र सोडल्यावर त्रास परततो, तो मूळ विकार तिथेच असल्यामुळे; चष्मा काढल्यावर अंधुक दिसते, तसे. यंत्राची अवास्तव भलामणही मी करणार नाही. आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्या रुग्णांवरील 2016 च्या मोठ्या चाचणीत सीपॅपने पुढील झटके कमी झाले नाहीत, मात्र त्या रुग्णांनी ते रात्री सरासरी साडेतीन तासही वापरले नव्हते. दिवसाची पेंग त्या चाचणीतही कमी झाली.

सर्वांत घातक सल्ला चिकटपट्टीचा आहे. घसा आतून मिटत असताना ओठ बंद केल्याने तो उघडेलच असे नाही, आणि नाक चोंदलेले असेल तर श्वासाची उरलेली वाटही बंद होते. कदाचित आवाज कमी होईल आणि घरच्यांना गुण आल्यासारखे वाटेल, पण श्वास अडतो आहे की नाही हे आवाजावरून ठरत नाही. त्यासाठी हवेचा प्रवाह, छातीची हालचाल आणि रक्तातील प्राणवायू यांची रात्रभर नोंद करणारी तपासणी लागते, आणि ती अनेकांना घरीच, स्वतःच्या अंथरुणात करता येते.